ॲझोबेन्झिनचा दुसरा ठिपका: बडोद्यातल्या एका प्रात्यक्षिकाचे प्रकरण

बडोद्यातल्या एका विज्ञान महाविद्यालयात एप्रिल महिन्यात पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या दोन बॅचनी नायट्रोबेन्झिनपासून ॲझोबेन्झिन बनवले. नारिंगी, चकचकीत स्फटिक. द्रवणांक ६७ ते ६८ अंश सेल्सिअस, पुस्तकातला आकडा ६८. इथपर्यंत दोन्ही बॅचचे सगळे सारखे. मग शुद्धता तपासायला टीएलसी लावली (सिलिकाचा पातळ थर दिलेल्या प्लेटवर नमुन्याचा ठिपका लावून द्रावक वर चढू द्यायचा; वेगवेगळे पदार्थ वेगवेगळ्या उंचीवर थांबतात) आणि घोळ झाला. पश्चिमेच्या खिडकीलगतच्या टेबलावर काम करणाऱ्या अ बॅचच्या प्लेटवर दोन पिवळे ठिपके आले, एक वरचा ठळक आणि एक खालचा फिका. आतल्या बाजूला, फ्यूम हूडशेजारच्या ब बॅचच्या प्लेटवर एकच.

निष्कर्ष लगेच निघाला: अ बॅचचा माल अशुद्ध. पुन्हा स्फटिकीकरण करा.

त्यांनी एकदा नाही, तीनदा केले. ५.१ मिली म्हणजे ०.०५ मोल नायट्रोबेन्झिन घेतले तर ॲझोबेन्झिन जास्तीत जास्त ४.५६ ग्रॅम मिळू शकते. अ बॅचला कच्चा माल ३.६ ग्रॅम मिळाला होता. पहिल्या स्फटिकीकरणानंतर २.८, दुसऱ्यानंतर २.१, तिसऱ्यानंतर १.५ ग्रॅम. दर वेळी द्रवणांक तोच आणि दर वेळी प्लेटवर खालचा ठिपका हजर. तिसऱ्या दिवशी तर तो पहिल्यापेक्षा ठळक होता. शुद्ध करत गेलो की घाण वाढते, असा पदार्थ जगात नसतो. खरे तर इथेच थांबून विचार करायला हवा होता.

संशयित कोण कोण

नायट्रोबेन्झिनचे क्षपण (रिडक्शन) पायऱ्यापायऱ्यांनी होते. कोरड्या मिथेनॉलमध्ये मॅग्नेशियमचा कीस आणि आयोडीनचा एखादा खडा टाकला की हायड्रोजनचे बुडबुडे सुरू होतात, मिश्रण तापते आणि क्षपण पुढे सरकते. दोन रेणू नायट्रोबेन्झिनला चार अणू मॅग्नेशियम, म्हणजे या प्रमाणाला हिशेबाने २.४ ग्रॅम. काही मॅग्नेशियम नुसत्या मिथेनॉलशीच अभिक्रिया करून वाया जाते, म्हणून थोडे जास्त घेतात. कमी पडले तर अभिक्रिया ॲझॉक्सीबेन्झिनवर अडकते. फारच जास्त झाले तर पुढे जाऊन हायड्रॅझोबेन्झिन होते, आणि ते हवेत हळूहळू पुन्हा ॲझोबेन्झिनकडे वळते.

पहिला संशय ॲझॉक्सीबेन्झिनवर जाणे साहजिक होते. तेही पिवळे, त्यात नायट्रोजनवर एक ऑक्सिजन जादा, म्हणून ते जास्त ध्रुवीय (रेणूतला प्रभार जास्त असमान वाटलेला) आणि सिलिकावर ॲझोबेन्झिनच्या खाली थांबणारे. पण एक गोष्ट जुळत नव्हती. ॲझॉक्सीबेन्झिन ३६ अंशालाच वितळते. डोळ्याला ठिपका दिसण्याइतके ते मिसळलेले असते, तर द्रवणांक घसरला असता आणि वितळण्याचा पल्लाही रुंदावला असता. एका अंशाच्या पल्ल्यात वितळणारा नमुना शंभर टक्के शुद्ध असेलच असे नाही, पण प्लेटवर दिसत होता तेवढा ॲझॉक्सी त्यात लपणे अवघड.

दुसरा संशय: पदार्थ सिलिकावरच मोडतो आहे. असे होते, विशेषतः आम्लाला नाजूक असलेल्या संयुगांचे. पण मग ब बॅचच्या प्लेटवरही ते दिसायला हवे होते. डबा एकच, प्लेटाही त्याच.

गाठ सुटली ती अदलाबदलीने. अ बॅचचे स्फटिक ब बॅचने आपल्या टेबलावर विरघळवून लावले, तर एकच ठिपका. ब बॅचचे स्फटिक अ बॅचने खिडकीशी लावले, तर दोन. म्हणजे दोष मालात नव्हता, जागेत होता. ही अदलाबदल पहिल्याच दिवशी करायला पाच मिनिटे लागली असती. कुठल्याही दोन गटांचे निकाल जुळत नसतील तर उपकरणांच्या आधी नमुने बदलून पाहावेत, ही सवय प्रात्यक्षिकाच्या वहीत कुठेच शिकवत नाहीत.

प्रयोगशाळेचे काका एवढेच म्हणाले, "अहो, तुमची टेस्टट्यूब दुपारभर तडक्यात उभी असते." बडोद्याच्या मराठीत ऊन बऱ्याचदा गुजरातीतून 'तडका' होऊन येते, फोडणीशी त्याचा संबंध नाही. दुपारी तीनपासून पाचपर्यंत पश्चिमेचे ऊन थेट त्या रॅकवर पडत होते. सव्वातीनला लावलेल्या प्लेटवर खालचा ठिपका जेमतेम दिसे, साडेचारला लावलेल्या प्लेटवर ठसठशीत. पहिल्या दिवशी अ बॅचने टीएलसी सव्वातीनला लावली होती, तिसऱ्या दिवशी साडेचारला.

स्फटिक प्रत्येक वेळी चांगलेच होते. दुसरा ठिपका जन्मत होता तो ठिपका लावायच्या द्रावणात.

आकार बदलतो तेव्हा काय बदलते

ॲझोबेन्झिनमध्ये दोन बेन्झिन वलये आणि त्यांच्या मध्ये नायट्रोजन-नायट्रोजन दुहेरी बंध. दुहेरी बंधाभोवती मोकळेपणाने फिरता येत नाही, म्हणून दोन रचना शक्य होतात. वलये विरुद्ध बाजूंना असली तर ट्रान्स, एकाच बाजूला असली तर सिस. अणू तेच, बंध तेच, रेणुभार १८२.२ तोच. बदलला तो फक्त आकार.

तोंडी परीक्षेत विचारले की ॲझोबेन्झिन ध्रुवीय आहे का, तर नेहमीचे उत्तर येते: "नायट्रोजन आणि नायट्रोजन यांच्या विद्युतऋणतेत (इलेक्ट्रॉन ओढण्याच्या ताकदीत) फरक नाही, म्हणून अध्रुवीय." उत्तर निम्म्या वेळा बरोबर ठरते आणि तेही चुकीच्या कारणाने. बंध ध्रुवीय असणे आणि रेणू ध्रुवीय असणे हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर विद्युतऋणतेच्या तक्त्यात सापडते. दुसऱ्यासाठी प्रत्येक बंधाचे आणि प्रत्येक एकाकी (बंधात न गुंतलेल्या) इलेक्ट्रॉन जोडीचे द्विध्रुव आघूर्ण, म्हणजे प्रभाराच्या असमान वाटणीचे माप, बाण म्हणून काढायचे आणि त्यांची सदिश बेरीज करायची. बाणांना दिशा देतो तो रेणूचा आकार.

पाण्याचा हिशेब हाताने करून पाहण्यासारखा आहे. ऑक्सिजन-हायड्रोजन बंधाचे आघूर्ण सुमारे १.५१ डिबाय (आघूर्णाचे एकक) धरा. दोन बंधांमधला कोन १०४.५ अंश, म्हणजे मधल्या रेषेशी प्रत्येकाचा कोन ५२.२५ अंश. बेरीज: २ गुणिले १.५१ गुणिले ०.६१२, म्हणजे १.८५ डिबाय. पाण्याचे मोजलेले मूल्य हेच आहे. (इथे १.५१ हा आकडा एकाकी जोड्यांचा वाटा पोटात घेऊनच येतो. त्यांना वेगळे मोजू नये, नाहीतर दोनदा धरले जातात.) आता तेच दोन बाण १८० अंशांत सरळ करा. कोन निम्मा केला की ९० अंश, त्याची कोसाइन शून्य, बेरीज शून्य. कार्बन डायऑक्साइडचे नेमके हेच होते. कार्बन-ऑक्सिजन बंध चांगलाच ध्रुवीय, पण रेणू सरळ रेषेत, म्हणून अध्रुवीय.

एकाकी जोड्या विसरल्या तर काय होते ते अमोनिया आणि नायट्रोजन ट्रायफ्लुओराइड यांच्या तुलनेत दिसते. आकार दोन्हींचा त्रिकोणी पिरॅमिडचा. अमोनियात बंधांचे बाण आणि एकाकी जोडीचा बाण एकाच दिशेला, म्हणून १.४७ डिबाय. ट्रायफ्लुओराइडमध्ये फ्लुओरिन इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतो, बंधांचे बाण खाली आणि एकाकी जोडीचा वर, दोघे एकमेकांना खातात आणि उरते फक्त ०.२३ डिबाय. विद्युतऋणतेच्या तक्त्यावर विसंबून राहिलेला विद्यार्थी इथे हमखास उलटे उत्तर देतो.

आणि ओझोन. तिन्ही अणू ऑक्सिजनचे, विद्युतऋणतेतला फरक शून्य, तरी ०.५३ डिबाय. रेणू वाकलेला आहे, मधला ऑक्सिजन आणि कडेचे दोन यांच्यात इलेक्ट्रॉनची वाटणी सारखी नाही, म्हणून. "नायट्रोजन-नायट्रोजन सारखे, म्हणून अध्रुवीय" हे उत्तर पाडायला ओझोन एकटा पुरेसा आहे.

आता ट्रान्स ॲझोबेन्झिन. त्याच्या नायट्रोजन-नायट्रोजन बंधाच्या मध्यावर एक बिंदू धरा. रेणूतल्या कुठल्याही अणूपासून त्या बिंदूतून सरळ पलीकडे तितकेच अंतर गेलात की तसाच दुसरा अणू भेटतो. एकाकी जोड्याही तशाच, एक एका अंगाला, दुसरी विरुद्ध अंगाला. याला प्रतिलोम केंद्र म्हणतात. असे केंद्र असलेल्या रेणूला द्विध्रुव आघूर्ण असूच शकत नाही, आणि हे कळायला आकडेमोडही लागत नाही. समजा आघूर्ण आहे आणि ते उजवीकडे आहे. रेणू त्या केंद्रातून उलटवला की बाण डावीकडे होतो. पण उलटवलेला रेणू मुळासारखाच, तसूभरही फरक नाही. मग बाण एकाच वेळी उजवीकडे आणि डावीकडे कसा असेल? शून्य असला तरच.

सिसमध्ये हे केंद्र राहत नाही. दोन्ही एकाकी जोड्या एका बाजूला येतात, दोन्ही वलये दुसऱ्या बाजूला. वलये एकमेकांवर आदळतात म्हणून रेणू सपाट राहू शकत नाही, ती तिरकी वळतात. दोन वलयांच्या बाहेरच्या टोकांमधले अंतर ट्रान्समध्ये सुमारे ९ अँगस्ट्रॉम असते, सिसमध्ये ते ५.५ वर येते. जोड्यांचे बाण आता एकमेकांना खात नाहीत, भर घालतात. हार्टली आणि ल फेव्र यांनी १९३९ मध्ये मोजमाप प्रसिद्ध केले: ट्रान्स शून्य, सिस सुमारे ३ डिबाय. पाण्याच्या दीडपटीहून जास्त.

प्लास्टिकच्या मॉडेल किटवर हे दाखवताना एक चूक नेहमी होते. गोळे आणि काड्या लावून मुले सिस रेणू जोडतात, पण एकाकी जोड्यांसाठी किटमध्ये काही नसते, म्हणून त्या गायब. मग मॉडेलकडे पाहून "कार्बन-नायट्रोजन बंध तर फारसा ध्रुवीय नाही" म्हणतात आणि ३ डिबाय कुठून आले ते कुणालाच उमगत नाही. नायट्रोजनच्या मोकळ्या छिद्रात निळ्या स्ट्रॉचा दोन सेंटिमीटर तुकडा खोचावा. सिसमध्ये दोन्ही स्ट्रॉ एका बाजूला उभे दिसतात आणि पुढची बडबड वाचते.

आयलहार्ड मिट्शरलिश यांनी ॲझोबेन्झिन १८३४ मध्येच बनवले होते. सिस रूप मात्र हार्टली यांनी १९३७ मध्ये, ॲसिटोनमधल्या द्रावणावर प्रकाश पाडून, ओळखले. मधली १०३ वर्षे. बडोद्याच्या कलाभवनाची स्थापना १८९० मधली, त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने; तिथे रंगकाम शिकवले जाई त्या काळात जगभर ॲझो रंगांची चलती होती आणि या दुहेरी बंधाला दुसरा आकार असतो हे कुणालाच माहीत नव्हते.

सिलिकाला हे कसे कळते

टीएलसी प्लेटवरच्या सिलिकाच्या पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल गट असतात. ज्या रेणूचा इलेक्ट्रॉनने भरलेला भाग त्यांच्या समोर सहज येतो, त्याला ते हायड्रोजन बंधाने धरून ठेवतात. ट्रान्समध्येही दोन एकाकी जोड्या आहेतच. पण त्या विरुद्ध अंगांना आणि शेजारच्या वलयांच्या हायड्रोजनच्या आडोशाला. सिसमध्ये दोन्ही उघड्यावर, एकाच बाजूला. सिलिका सिसला जास्त वेळ धरून ठेवते, द्रावक त्याला कमी पुढे नेतो, म्हणून खालचा ठिपका सिसचा.

सिस परत ट्रान्स होतो तो दोन वाटांनी. प्रकाशाने दोन्ही दिशांचा प्रवास होतो, म्हणून उन्हात काही वेळाने एक ठरावीक मिश्रण तयार होते आणि पुढे बदलत नाही. उष्णतेने मात्र एकाच दिशेचा: सिसपासून ट्रान्सकडे. खोलीच्या तापमानाला अंधारात हे काम काही दिवस चालते. अडथळा मोलमागे सुमारे ९५ किलोज्यूलचा असल्यामुळे ६० अंशांना तेच पन्नासेक पट वेगाने होते. उकळत्या इथेनॉलमध्ये स्फटिकीकरण करताना द्रावणातला सिस झपाट्याने परत जातो, आणि थंड होताना स्फटिकात बसतो तो ट्रान्सच. म्हणून तिन्ही वेळा मिळालेले स्फटिक स्वच्छ होते.

चौकोनाची चाचणी

खालचा ठिपका सिसचा आहे हे सांगणे वेगळे आणि दाखवणे वेगळे. त्यासाठी दोन दिशांची टीएलसी केली, ती तपशिलात देतो, कारण यात चुकायच्या जागा बऱ्याच आहेत.

१० बाय १० सेंटिमीटरची ॲल्युमिनियमवरची सिलिका प्लेट, एफ२५४ प्रकारची (२५४ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली चमकणारी). दोन्ही कडांपासून १.५ सेंटिमीटरवर, एका कोपऱ्यात, पेन्सिलीने बारीक खूण. पेनाने नाही, शाई द्रावकाबरोबर वर चढते. शुद्ध स्फटिक टोल्यूइनमध्ये मिलीला १० मिलिग्रॅम या प्रमाणात विरघळवून द्रावण तासभर उन्हात ठेवले, म्हणजे त्यात दोन्ही रूपे असतील. कॅपिलरीने लावलेला ठिपका २ मिलिमीटरपेक्षा मोठा होऊ दिला नाही. द्रावक: हेक्झेन नऊ भाग, इथाइल ॲसिटेट एक भाग. पेट्रोलियम ईथरनेही चालते, पण बडोद्याच्या एप्रिलात चाळीस अंशांना ते झाकण उघडताच उडते, द्रावकाचे प्रमाण बदलते आणि दोन प्लेटांचे आरएफ (ठिपका चढला ते अंतर भागिले द्रावक चढला ते अंतर) जुळत नाहीत. चेंबरमध्ये गाळणकागद लावून दहा मिनिटे बंद ठेवणे इथे ऐच्छिक नाही. चेंबर काळ्या कागदात गुंडाळलेला.

पहिल्या धावेत द्रावक ७ सेंटिमीटर चढवला. वरचा ठिपका ५.० सेंटिमीटरवर, आरएफ ०.७१, खालचा १.८ वर, ०.२६. शेजारच्या एका अरुंद प्लेटवर बाटलीतले ॲझॉक्सीबेन्झिन लावले होते, ते ३.६ वर थांबले, ०.५१. म्हणजे खालचा ठिपका ॲझॉक्सीचा नव्हताच. एवढी साधी तुलनाही पहिल्या तीन दिवसांत कुणी केली नव्हती.

आता मुख्य भाग. प्लेट वाळवून वीस मिनिटे उन्हात ठेवली, मग ९० अंशांत फिरवून त्याच द्रावकात दुसरी धाव दिली. ठिपके आता आडव्या रांगेतून वर चढतात. वाटेत कुणीच बदलले नाही तर प्रत्येक ठिपका दोन्ही दिशांना सारखाच चालेल आणि सगळे ठिपके तिरक्या कर्णावर पडतील. ट्रान्सचा थोडा भाग उन्हात सिस झाला आणि सिसचा थोडा ट्रान्स, तर कर्णाबाहेर आणखी दोन ठिपके उमटतील. उन्हातल्या प्लेटवर चार ठिपके आले, चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर: (५.०, ५.०), (१.८, १.८), आणि कर्णाबाहेरचे (५.०, १.८) व (१.८, ५.०). अशुद्धी असे करू शकत नाही. परका पदार्थ कर्णावर निमूट बसून राहतो.

गोंधळ झाला तो नियंत्रण प्लेटवर. हीच प्लेट दोन धावांच्या मध्ये अंधारात ठेवायची, म्हणजे कर्णावर फक्त दोन ठिपके दिसायला हवेत. पहिल्या प्रयत्नात तीन दिसले. तिसरा (१.८, ५.०) वर, म्हणजे जो आधी सिस होता आणि नंतर ट्रान्स झाला. त्याचा जोडीदार (५.०, १.८) मात्र नव्हता. अंधारात प्रकाश कुठून आला म्हणून फॉइल, ड्रॉवर, सगळे तपासले गेले. कारण हेअर ड्रायरमध्ये सापडले. प्लेट वाळवायला कुणीतरी गरम हवा पाच मिनिटे मारली होती. उष्णता सिसला ट्रान्स करते, उलटे करत नाही. म्हणूनच चौथा कोपरा रिकामा होता. थंड हवेवर वाळवलेल्या दुसऱ्या नियंत्रण प्लेटवर दोनच ठिपके आले. चुकलेली प्लेट अशी की तिने प्रकाश आणि उष्णता यांतला फरक बरोबर आलेल्या प्लेटपेक्षा चांगला दाखवला. आमच्या मते ती मुद्दाम बिघडवून वर्गात दाखवावी.

आणखी एक सापळा: धावांच्या मधे ठिपके पाहायला २५४ नॅनोमीटरचा दिवा लावण्याचा मोह होतो. तो दिवाही रूपांतर घडवतो. ॲझोबेन्झिन रंगीतच आहे, नुसत्या डोळ्यांनी दिसते. दिवा शेवटी लावावा. पहिल्या धावेत दोन ठिपक्यांच्या मध्ये पिवळी शेपूट दिसली तर धाव चालू असतानाच रूपांतर होते आहे, चेंबर उघड्यावर राहिला, असे समजावे. लाल बल्ब सुरक्षित. ॲझोबेन्झिन लाल प्रकाश शोषत नाही.

पडताळा म्हणून दोन ठिपके देणारे द्रावण फॉइल गुंडाळून ६० अंशांच्या पाण्यात रात्रभर ठेवले. सकाळी एकच ठिपका, ०.७१ वर.

आरएफला डिबायमीटर समजू नये

प्रकरण इथे संपवले तर मुले एक नवी चूक घरी नेतील: खाली थांबला तो जास्त ध्रुवीय. टीएलसी द्विध्रुव आघूर्ण मोजत नाही, सिलिकाची पकड मोजते. ऑर्थो आणि पॅरा नायट्रोफिनॉल घ्या. ऑर्थो सरसर वर जातो, कारण त्याचा हायड्रॉक्सिल शेजारच्याच नायट्रो गटात हायड्रोजन बंधाने गुंतलेला असतो आणि सिलिकाला धरायला हात मोकळा सापडत नाही. पॅरामध्ये तो मोकळा. इथेही आकारच निर्णायक आहे, पण वाट वेगळी.

उत्कलनांकाचेही तसेच. सिस १,२-डायक्लोरोइथिलीन सुमारे ६० अंशांना उकळते आणि त्याचे आघूर्ण १.९ डिबाय, ट्रान्सचे शून्य, उत्कलनांक सुमारे ४८. सुरेख जोडी, म्हणून प्रत्येक पुस्तकात असते. पण त्याच दमात कार्बन टेट्राक्लोराइड आणि क्लोरोफॉर्म विचारा. टेट्राक्लोराइडचे चार बाण चतुष्फलकात एकमेकांना पूर्ण खातात, तरी ते ७६.७ अंशांना उकळते. ध्रुवीय क्लोरोफॉर्म ६१.२ ला. चौथ्या क्लोरिनने इलेक्ट्रॉनचा ढग मोठा केला, रेणूंमधले लंडन बल (इलेक्ट्रॉनच्या ढगांच्या क्षणिक हेलकाव्यांतून येणारी ओढ) वाढले आणि ध्रुवीयतेवर मात केली.

घासलेला फुगा पाण्याच्या धारेजवळ नेला की धार वाकते, हा शाळेतला लाडका प्रयोगही याच यादीत. धार वाकते खरी, पण रेणू वळून ओढले जातात हे स्पष्टीकरण अपुरे. एकसारख्या विद्युतक्षेत्रात द्विध्रुवाच्या दोन टोकांवरचे बल समान आणि विरुद्ध असते, निव्वळ ओढ शून्य. धारेवर प्रवर्तनाने येणारा प्रभार हे मुख्य कारण.

प्रात्यक्षिकाच्या पत्रकात काय बदलले

पुढच्या बॅचसाठी पत्रकात चार वाक्ये वाढली. टीएलसीचे द्रावण तपकिरी कुपीत, लावण्याच्या वेळीच बनवावे. रॅक खिडकीपासून दूर, आतल्या टेबलावर. बाजूला ॲझॉक्सीबेन्झिन लावल्याशिवाय अशुद्धीचे नाव लिहू नये. दोन ठिपके आले तर स्फटिकीकरणाआधी अंधारात ठेवलेले ताजे द्रावण लावून पाहावे. हातमोजे आधीही होते, आता कारणासह: नायट्रोबेन्झिन त्वचेतून शरीरात जाते आणि ॲझोबेन्झिन युरोपीय वर्गीकरणात कर्करोगकारक धरले जाते, म्हणून त्यातले काहीही बेसिनमध्ये ओतायचे नाही.

याच नियमामुळे अ बॅचच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या स्फटिकीकरणातले गाळून उरलेले इथेनॉल काकांनी चिठ्ठी लावून ठेवले होते. पहिले स्फटिकीकरण गरजेचेच होते. पुढच्या दोन्हींत गेलेला १.३ ग्रॅम माल त्या बाटल्यांत होता. इथेनॉल काढून टाकल्यावर १.१ ग्रॅम नारिंगी स्फटिक परत मिळाले. द्रवणांक ६७ ते ६८, अंधारात बनवलेल्या द्रावणाचा ठिपका एकच. वहीतला उतारा १.५ ग्रॅमवरून २.६ वर दुरुस्त झाला, आणि त्यापुढे कंसात "खिडकी" असा शेरा.